रीळ क्रमांक नऊ, पुन्हा

"साहेब, यांनी बाई मारली हो!"

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला चित्रपट नियमन कार्यालयाच्या दारातून आधी हे वाक्य आत आले आणि मागोमाग टॉकीजवाल्या मावशी आल्या. टेबलांवरची सगळी डोकी एकदम वर झाली. शिपायाच्या हातातला पाण्याचा ग्लास हिंदकळला. टायपिस्टबाईंनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. एकटे निरीक्षक तेवढे शांत राहिले. त्यांचा चष्मा सापडत नव्हता, आणि चष्म्याशिवाय आपल्याला नीट ऐकूही येत नाही अशी त्यांची समजूत होती.

"कोणी मारली?" टेबलावरच्या फायली चाचपत त्यांनी विचारले.

"शेठनी!"

"कोणत्या बाईला?"

"अहो, सिनेमातल्या! ती बटण लावणारी!"

सगळी डोकी पुन्हा खाली गेली. टायपिस्टबाई तर जराशा हिरमुसल्याच.

"आणि चष्मा कपाळावर आहे तुमच्या," मावशी खुर्ची ओढत म्हणाल्या.

निरीक्षक दचकले. हे वाक्य त्यांना रोज ऐकू येत असे, पण ते घरी.

इथे थोडे मागे जाऊन सांगायला हवे. एके काळी सिनेमांचे वितरक टॉकीजवाल्यांच्या गळ्यात न दाखवताच सिनेमे मारत. भलेमोठे पोस्टर पुढे धरायचे, नायिकेचे नाव कानात सांगायचे आणि करारावर सही घ्यायची. डबे येऊन पोचले की मग कळायचे, नायिका पहिल्या रिळात बोटीत बसते ती परत येतच नाही. टॉकीजवाले बोंब मारून थकले तेव्हा सरकारने कायदा केला : पाहिल्याशिवाय करार नाही. प्रत्येक सिनेमा आधी कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये त्या भागातल्या सगळ्या टॉकीजमालकांना दाखवायचा. दार आतून बंद. निरीक्षक जातीने हजर. सिनेमा संपला की 'नमुना पाच' नावाचा कागद भरायचा : रिळे किती, कोणत्या क्रमाने दाखवली, पूर्ण दाखवली का. खाली मालकांच्या सह्या आणि सर्वांत खाली निरीक्षकांची. जे दाखवले तेच टॉकीजला पोचले पाहिजे, फूटभर कमी नाही की जास्त नाही.

आमचे निरीक्षक एकतीस वर्षे नमुना पाच भरत होते. आयुष्यात दुसरे काही आपल्याला धड जमले नाही असे त्यांना मनापासून वाटे. सायकल जमली नाही, चारचौघांत बोलणे जमले नाही, बायकोशी भांडणसुद्धा कधी नीट जमले नाही. पण नमुना पाच आपल्याला जमतो, हे ते मनातल्या मनात, कोणी ऐकत नाही ना बघून, कबूल करत. त्यात आजवर कोणाला चूक सापडली नव्हती. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"नीट सांगा बघू," ते चष्मा डोळ्यांवर आणत म्हणाले.

"नीटच सांगते. तुमच्यासमोर हॉलमध्ये सिनेमा बघितला. बाई आजारी पडते, मरते, मी हमसून हमसून रडले. मग ती परत येते. इतकं बरं वाटलं, साहेब! अख्ख्या गल्लीला सांगत सुटले. बायांनो, घाबरू नका, रडा हवं तेवढं, शेवटी ती येते परत. माझ्या शब्दावर सगळ्या आल्या शुक्रवारी. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या. बाई मेली. सगळ्या पदर सरसावून बसल्या, आता येईल, मग येईल. आणि एकदम समाप्त! मी आपली तिकिटाच्या खिडकीत. एकेक बाहेर येते आणि माझ्याकडे बघत जाते. एक तर म्हणाली, 'मावशी, निदान तुम्ही तरी असं करायला नको होतं.'"

"पण ती येते परत," निरीक्षक म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय. मरते, आणि त्यानंतर खिडकीत बसून त्याच्या सदऱ्याला बटण लावत असते. तो दारातून आत येतो, तर ती मान वर न करता म्हणते—"

"'आज लवकर आलात?'" मावशींनी वाक्य पुरे केले.

"हो. आणि शेवटच्या रिळात तो दोन कप चहा ओततो आणि आत हाक मारतो, 'ये गं, गार होतोय.'"

मावशींचे यजमान जाऊन पाच वर्षे झाली होती. टॉकीजचे यंत्र तेच चालवायचे. निरीक्षकांची पत्नी जाऊन तीन.

"हा सरळसरळ कलम पाचचा भंग आहे," निरीक्षक एकदम ताठ होऊन म्हणाले. आपला आवाज इतका ठाम कसा निघाला याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले. "शेठना बोलवा."

शेठ म्हणजे वितरक. अर्ध्या तासात आले, टॉवेलएवढ्या रुमालाने मान पुसत. सगळे ऐकून घेतले आणि आधी निरीक्षकांकडे, मग मावशींकडे पाहू लागले.

"साहेब, मेलेली बाई परत कशी येईल? भुताचा सिनेमा आहे का हा?"

"भूत नाहीये ती!" दोघे एकदम म्हणाले.

"तुम्ही पाहिलाय का सिनेमा?" मावशींनी विचारले.

"मी कशाला पाहू? कायदा घेणाऱ्याला पाहायला लावतो, विकणाऱ्याला नाही. मी एवढे सिनेमे पाहत बसलो तर विकू कधी?"

मग साक्षी काढायचे ठरले. त्या दिवशी हॉलमध्ये आणखी सहा टॉकीजमालक होते. निरीक्षकांनी एकेकाला फोन लावला. पहिले म्हणाले, मारामारीपर्यंत पाहिला, मग जरा डोळा लागला. दुसरे म्हणाले, मारामारी होती का? तिसऱ्यांनी उलट विचारले, "साहेब, मी घोरत तर नव्हतो ना?" सहाच्या सहा जण झोपले होते. कायद्याला दार बंद करता येते, डोळे उघडे ठेवता येत नाहीत. शिवाय हॉलमधल्या गादीच्या खुर्च्या जरा जास्तच चांगल्या होत्या.

शेवटी हॉलच्या ऑपरेटरला खाली बोलावले. आयुष्यभर यंत्राच्या खडखडाटात राहिल्यामुळे तो सगळ्यांशी ओरडूनच बोलत असे.

"रिळं क्रमानं लावली होतीस ना रे?" निरीक्षकांनी विचारले.

"डब्याच्या झाकणावर नंबर असतो, तसा लावतो!" ऑपरेटर ओरडला. मग त्याने डोके खाजवले. "झाकणं मात्र पडली होती."

"कसली झाकणं?"

"जिन्यात दोन डबे निसटले हातातून. नऊ आणि दहा. झाकणं गडगडत पार खालपर्यंत गेली. मी आणून लावली परत."

"ज्याची त्याला?"

ऑपरेटरने पुन्हा डोके खाजवले. तो गप्प बसला म्हणजे किती शांतता होते ते त्या दिवशी कार्यालयाला पहिल्यांदा कळले.

"अरे, पण पडद्यावर दिसलं असेल ना तुला?" शेठ म्हणाले. "बाई मेली आणि मग बटण लावत बसली!"

"मला वरच्या भोकातून पडदा दिसतो एवढा!" त्याने तळहात दाखवला. "त्यात बाई जिवंत आहे की मेलेली ते कसं कळणार? मी फोकस बघतो!"

गुंता सुटला होता. मूळ सिनेमात बाई नवव्या रिळात बटण लावत होती आणि दहाव्यात मरत होती. हॉलमध्ये दहावे रीळ आधी लागले आणि नववे नंतर. डबे परत गेल्यावर शेठच्या गोदामात कोणीतरी झाकणे जागच्या जागी बसवली, आणि मावशींच्या टॉकीजला बाई रीतसर, क्रमाने मेली.

शेठनी सुटकेचा निःश्वास सोडला. निरीक्षक मात्र उठले. त्यांनी कपाटातून त्या दिवशीचा नमुना पाच काढला. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिले होते : रिळे १ ते ११, क्रमाने. खाली सही.

"म्हणजे हे खोटं आहे," ते म्हणाले.

"श्श!" शेठनी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी नेले. "साहेब, डोकं शांत ठेवा. ही गोष्ट या खोलीबाहेर कशाला जायला पाहिजे? सहा जण झोपलेले. मावशींना मी दुसरा सिनेमा देतो, झकास विनोदी. तुमची सही शाबूत, माझे करार शाबूत. आठ महिन्यांनी हार घालून घरी जा."

हे कुजबुजणे मावशींनी ऐकलेच. त्या उठून खिडकीपाशी आल्या.

"मला विनोदी नको. साहेब, तुमच्या सहीनं लिहिलंय की क्रम बरोबर होता. मग मी पाहिलं तेच बरोबर. शेठनी तसंच द्यायचं. तुमच्या सहीवर ती बाई जिवंत आहे, साहेब."

मोठीच पंचाईत झाली. शेठना ती सही हवी होती, मावशींना हवी होती आणि निरीक्षकांना तर हवीच हवी होती. ती खोटी आहे म्हणायचे, तर हॉलमधले दाखवणेच रद्द, साती करार रद्द. नवा करार होईपर्यंत ऐन सुट्टीच्या दिवसांत मावशींचा पडदा कोरा. आणि आपल्या एकतीस वर्षांच्या कागदांवर शेवटच्या वर्षात शाईचा डाग. सही खरी आहे एवढेच म्हटले की भागत होते. किंवा काहीच म्हटले नाही तरी.

संध्याकाळी निरीक्षक घरी आले. त्यांनी कुलूप उघडले, दिवा लावला, चपला जागेवर ठेवल्या. "आज जरा घोटाळा झाला," ते सवयीने म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. कप काढताना हात थांबला. त्यांनी दोन कप काढले होते. रोजच काढत. दुसरा नंतर परत ठेवून देत. त्यात काही विशेष आहे असे त्यांना आजवर वाटले नव्हते.

मग मात्र त्यांच्या ध्यानात आले. सहा जण झोपले होते हे खरे. पण आपण टक्क जागे होतो, मावशी जाग्या होत्या, आणि दोघांनाही काही खटकले नव्हते. मेलेली बाई खिडकीत बसून बटण लावते, यात न पटण्यासारखे काय होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःविरुद्धचा खुलासा स्वतःच लिहून संचालक मॅडमकडे नेऊन दिला. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. वाचत वाचत त्या शेवटाकडे आल्या आणि थांबल्या. तिथे लिहिले होते : 'रीळ दहामध्ये सदर स्त्री मरण पावते व त्यानंतर रीळ नऊमध्ये बटण लावताना दिसते. यात काही विसंगत आहे असे खाली सही करणाऱ्यास वाटले नाही. खाली सही करणाऱ्याच्या घरी साधारण असेच चालते.'

मॅडमनी ते पुन्हा वाचले.

"काका," त्या म्हणाल्या. एरवी त्या त्यांना काका म्हणत नसत. "शेवटचं वाक्य काढायचं का? वर जाईल हे."

"खरं आहे ते, मॅडम."

"मग राहू दे." त्यांनी कागद हलकेच पालथा ठेवला. "ताकीद मात्र द्यावी लागेल मला. लेखी."

"द्या ना. कलम अकरा, पोटकलम दोन."

गुरुवारी दुपारी दोन वाजता सिनेमा पुन्हा दाखवायचे ठरले. साती मालक हजर. शेठनीही पूर्ण वेळ बसले पाहिजे, असा मॅडमचा खास हुकूम. निरीक्षकांनी सकाळीच गादीच्या खुर्च्या काढून लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मालक बसले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"साहेब, शिक्षा आम्हाला का?" घोरणारे मालक म्हणाले.

"जाग राहते," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.

प्रत्येक रिळाआधी ऑपरेटरने झाकण नव्हे, आतल्या फिल्मवरची नंबराची पट्टी वाचून ओरडायचे होते. "रीळ क्रमांक एक!" हॉल दणाणला. शेठ दोनदा घड्याळ बघून चुळबुळले, तिसऱ्या रिळाला त्यांनी पाय लांब केले, सहाव्याला पाय आखडून घेतले. "रीळ क्रमांक नऊ!" बाई खिडकीत बसून बटण लावू लागली. "रीळ क्रमांक दहा!" मावशींनी तोंड फिरवले. शेठचा तो टॉवेलएवढा रुमाल बाहेर आला तो आत गेलाच नाही.

"रीळ क्रमांक अकरा!" ऑपरेटरचा आवाजही जरा उतरला होता.

नवऱ्याने अंगणातल्या झाडांना पाणी घातले. घर सोडून गेलेला मुलगा फाटकापाशी येऊन उभा राहिला. नवऱ्याने आत जाऊन दोन कप चहा ओतला आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "ये गं, गार होतोय."

मागच्या वेळी निरीक्षकांना वाटले होते, ती आत काहीतरी करत असेल, येईलच. या वेळी त्यांना कळले की आत कोणी नाही. त्यांनी चष्मा काढला. लोखंडी खुर्च्यांवर कोणी खाकरलेसुद्धा नाही. पडद्यावर 'समाप्त' आले.

सहा मालकांनी नाक ओढत सह्या केल्या. एक जण तर म्हणाला, "अरे, चांगला होता की! मागच्या वेळी सांगायचं नाही का कोणी?" कागद मावशींपुढे आला. त्यांनी पेन हातात घेतले नाही.

"मी नाही घेत हा. मी बायांना शब्द दिलाय, ती येते म्हणून."

"मावशी, हट्ट करू नका," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज चोंदला होता. "सुट्टीत दुसरा सिनेमा कुठून आणाल? टॉकीज बंद ठेवणार का?"

"ठेवीन."

त्या असे म्हणाल्या खऱ्या, पण पेनाकडे बघत राहिल्या. यजमान गेले तेव्हासुद्धा त्यांनी टॉकीज एक दिवस बंद ठेवली नव्हती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

निरीक्षकांनी घसा साफ केला. चारचौघांत बोलणे त्यांना आजवर जमले नव्हते, तरी ते उठून उभे राहिले.

"कलम सातप्रमाणे," ते म्हणाले, "सही करण्यापूर्वी मालकाला शंका असेल, तर कोणतंही रीळ पुन्हा पाहता येतं. मावशी, तुम्हाला एखाद्या रिळाबद्दल शंका आहे का?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आहे," त्या म्हणाल्या. "नऊ."

"नऊमध्ये कसली शंका?" शेठनी विचारले.

"शंका कसली ते सांगायचं बंधन नाही!" निरीक्षक इतक्या मोठ्याने म्हणाले की वरच्या भोकातून ऑपरेटर डोकावला. "रीळ लाव!"

"रीळ क्रमांक नऊ, पुन्हा!"

हॉल अंधारला. खिडकीत ऊन होते. बाईने सुईत दोरा ओवला, दोऱ्याचे टोक दाताने तोडले. दार वाजले. मान वर न करता ती म्हणाली, "आज लवकर आलात?"

दिवे लागले तेव्हा निरीक्षक मावशींसाठी वेगळा नमुना पाच भरत होते. क्रमाच्या रकान्यात त्यांनी लिहिले : १ ते ११, पुन्हा ९. मग तो कागद मावशींपुढे सरकवला. मावशींनी सही केली आणि पेनाला टोपण घातले.

"म्हणजे आता," शेठ सावकाश म्हणाले, "मावशींच्या टॉकीजला मला हे असंच..."

"जे दाखवलं तेच," निरीक्षक म्हणाले. "बाकी सहा जणांच्या सह्या समाप्तनंतर लगेच झाल्यात. त्यांचा सिनेमा तिथे संपतो. मावशींचा नाही."

शेठनी तोंड उघडले, मग रुमालात नाक शिंकरले आणि हाताने "लिहा, लिहा" अशी खूण केली.

ताकीद सोमवारी आली. 'यापुढे कर्तव्य बजावताना जागरूक राहावे.' खाली मॅडमची सही. निरीक्षकांनी ती घरी आणली, दिवा लावला, चपला जागेवर ठेवल्या. "मिळाली गं ताकीद," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत पहिली." त्यांनी दोन कप काढले आणि आज दुसरा परत ठेवायला विसरले.

शनिवारी दुपारच्या खेळाला ते मावशींच्या टॉकीजवर गेले. तिकीट काढायला खिडकीत हात घातला तर मावशींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "साहेब, मनगटाचं बटण तुटलंय." त्यांनी पाहिले, खरेच तुटले होते. कधीपासून तुटले होते कोण जाणे.

टॉकीज बायकांनी भरून गेली होती. निरीक्षक शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. दहाव्या रिळाला सगळी टॉकीज मुसमुसली. अकराव्यात नवऱ्याने दोन कप चहा ओतला, आत हाक मारली, आणि पडद्यावर 'समाप्त' आले. पहिल्यांदाच आलेली काही माणसे डोळे पुसत उठली, पिशव्या गोळा करू लागली.

तिसऱ्या रांगेत एक लठ्ठ गृहस्थ बायकोला घेऊन बसले होते. त्यांनी मागे वळून टॉवेलएवढा रुमाल हलवला.

"बसा हो, बसा," शेठ म्हणाले. "ती यायचीय अजून."